नसलेला आठ

बाईंच्या पाण्याच्या माठावर फडकं बांधलेलं असे आणि त्याची गाठ नेहमी उजवीकडे येई. बाहेरून आल्या की बाई आधी ती गाठ बघत. ती जरा सरकलेली दिसली की माठातलं सगळं पाणी तुळशीला जाई. मग घरात कोण आलं होतं, दार कोणी उघडलं, कुसुम त्या वेळी कुठे होती, अशी चौकशी चाले. कुसुम म्हणजे बाईंची एकुलती मुलगी. शिवणाच्या मशीनवरून मान वर न करता ती म्हणे, "आई, मीच प्यायले पाणी." बाई म्हणत, "तू प्यायली असतीस तर गाठ तुझ्या हातची असती. ही तुझी नाही."

बोईसरजवळच्या नवापूरला आमचं घर त्यांच्या घराला लागून होतं. मधे फक्त शेवग्याचं झाड. माझं माहेर त्याच गावात, खालच्या आळीत. मी चौथीपर्यंत शिकले ती बाईंच्याच हाताखाली. लग्न होऊन त्यांच्या शेजारी आले तेव्हा त्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण मला पाहिलं की अजून विचारत, "तेवीसचा पाढा?" आणि मी डोक्यावरचा पदर सावरत तो म्हणत असे. सासूबाई हसत. मला त्याची लाज वाटत नसे. दुसऱ्या कुणापुढे माझ्या तोंडून दोन शब्द निघत नसत, बाईंपुढे पाढे तरी निघत.

गावात त्यांना नऊबाई म्हणत, अर्थात त्यांच्या मागे. गुणाकार झाला की नवाचा पडताळा केल्याशिवाय त्या पाटी खाली ठेवू देत नसत. प्रत्येक आकड्यातले अंक मिळवायचे, त्यातले नऊ काढून टाकायचे, उरेल तेवढंच धरायचं. दोन्ही बाजूंना उरलेलं जुळलं तर उत्तर बरोबर. "उत्तर काय, कोणीही लिहील," त्या म्हणत, "ते खरं कशावरून?" हे वाक्य त्या गणितात म्हणत, मासळीवालीला म्हणत आणि देवळात कीर्तन करणाऱ्या बुवांनाही एकदा म्हणाल्या होत्या.

मी चौथीत असताना मंजुळा नावाच्या मुलीने तेवीस गुणिले चौदाचं उत्तर पाटीवर उतरवताना दोन अंकांची अदलाबदल केली. तीनशे बावीसच्या जागी दोनशे बत्तीस लिहिलं. बाईंनी पडताळा घेतला. इकडे सात, तिकडे सात. त्यांनी बरोबरची खूण केली आणि पुढे गेल्या. मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. बाई परत फिरल्या, पाटी हातात घेतली आणि कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. मंजुळा रडायला लागली, पण बाईंचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. घरातलाच माणूस लबाड निघावा तसा त्यांचा चेहरा झाला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला अकराचा पडताळाही शिकवला. एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा. चौथीच्या पुस्तकात तो नव्हता. "अंकांनी जागा बदलल्या तर नवाला कळत नाही," त्या म्हणाल्या. "शेजारच्या दोघांनी बदलल्या तर अकरा पकडतो." तेव्हापासून प्रत्येक गणिताला दोन पडताळे झाले आणि आमची मधली सुट्टी अर्धी झाली.

माणसांनाही त्या दोन पडताळे लावत. एक गोष्ट विचारायची, मग दुसरंच काही बोलायचं, मग तीच गोष्ट पाठीमागच्या बाजूने विचारायची. "निघालास कधी?" असं आधी. मग पावसाचं, भाताचं. मग सहज, "वाटेत ऊन तोंडावर होतं की पाठीवर?" दूधवाला याला इतका कंटाळला होता की तो आपणहून दोन्ही उत्तरं एकदमच देई. भिंतीवरच्या घड्याळावर बाईंचा भरवसा नव्हता. भरती-ओहोटीवर होता, तरी त्या संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन बघून येत.

त्यांचे यजमान कुसुम रांगत असताना मुंबईला नोकरीसाठी गेले आणि आले नाहीत. तिकडे त्यांनी दुसरं घर मांडलं होतं. बाईंना ते फार उशिरा कळलं. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत, मी विचारलं नाही, आणि इथेही त्याहून जास्त लिहिणार नाही.

तारापूरकडे वीजकेंद्राचं मोठं काम निघालं, तेव्हा आमच्या बाजूला बाहेरगावची माणसं येऊ लागली. रस्त्यावर ट्रक, बोईसरच्या बाजारात हिंदी. बाईंच्या घराला बाजूची एक खोली होती. ती त्यांनी वसंत नावाच्या मुलाला भाड्याने दिली. तो भंडाऱ्याकडचा, कामावर नकाशे काढायला होता. उंच, हाडकुळा, बोटांना कायम शाई. त्याचं मराठी ऐकून आमच्या आळीला सुरुवातीला शंकाच आली की हा खरा मराठी आहे की नाही. "मी जेवून राहिलो," असं तो म्हणाला की पोरं हसत.

खोली देण्याआधी बाईंनी त्याची तासभर उलटतपासणी घेतली होती. त्याने सगळं सांगितलं. गाव, शाळा, मॅट्रिक, नकाशे काढायचं शिक्षण, ही नोकरी. रात्री बाई आमच्या ओट्यावर येऊन बसल्या आणि बोटं मोजू लागल्या. "मॅट्रिक झाला ते वय आणि आत्ताचं वय यांत जागा आहे," त्या मला म्हणाल्या. "मधली वर्षं तो बोलतच नाही. मी दोनदा विचारलं. घरी होतो म्हणतो. घरी कोण बसतं एवढं?"

तरी खोली दिली. आणि व्हायचं ते झालं. कुसुमचं मशीन खिडकीशी होतं, त्याची जाण्यायेण्याची वाट खिडकीवरून. तो चोरून काही बोलला नाही, एवढं मी सांगू शकते. एका रविवारी तो सरळ बाईंसमोर येऊन उभा राहिला आणि कुसुमला मागणी घातली. जात निराळी होती, पण बाईंची अडचण ती नव्हती. जे उघड दिसतं त्याला बाई भीत नसत. त्या "बघू" म्हणाल्या. कुसुमने मला शेवग्याखाली गाठून सांगितलं की ती लग्न करील तर याच्याशीच, पण आईच्या मनाविरुद्ध नाही. तिला दोन्ही हवं होतं, आणि दोन्ही मिळणं बाईंच्या हातात होतं.

बाईंना गणिताची आवड आहे हे वसंतने हेरलं असावं. पुढच्या रविवारी दुपारी तो ओट्यावर पाटी घेऊन बसला. मी तिथेच शेंगा सोलत होते.

"बाई, तुमचा आवडता आकडा सांगा जी. एक ते नऊमधला."

"आवडता सांगून मी कशाला अडकू? सात घे."

त्याने पाटीवर एक लांबलचक आकडा लिहिला आणि त्याला त्रेसष्टाने गुणलं, म्हणजे सात नव्वे त्रेसष्ट. उत्तर आलं ते सगळे सातच. नऊ सात, ओळीने. मला इतकी मौज वाटली की शेंग हातातच राहिली. आत मशीनचं चाक थांबलं होतं.

बाईंनी पाटी ओढून घेतली. नवाचा पडताळा केला, अकराचा केला. दोन्ही जुळले. मग चाराने करून बघितलं, छत्तिसाने गुणून. सगळे चार. बाई हसल्या नाहीत. त्या मूळ आकड्याकडे बघत होत्या. एक दोन तीन चार पाच सहा सात नऊ.

"यात आठ नाही," त्या म्हणाल्या.

"हाव. आठ नसतेच त्याच्यात."

"कोणी काढला?"

"कोणीच नाही काढला जी. घालून पाहा, बिघडते."

बाईंनी आठ घालून गुणलं. सात आले, पण शेवटच्या साताच्या आधी एक शून्य येऊन बसलं. त्यांनी ते बोटाने पुसलं आणि पुन्हा केलं. पुन्हा शून्य.

"का?"

वसंतने मान हलवली. "ते नाही ठाऊक. आमच्या मास्तरानं दाखवलं होतं, तेवढंच येते."

बाईंनी पाटी मांडीवर ठेवली. "एकापासून नऊपर्यंत सगळे रांगेत उभे. मधला एक नाही. आणि विचारलं तर म्हणे ठाऊक नाही." हे बोलताना त्या पाटीकडे बघत नव्हत्या, त्याच्याकडे बघत होत्या. त्याच्या कानशिलापर्यंत रंग चढला. तो उठून खोलीत गेला. आत मशीन पुन्हा सुरू झालं, फार जोरात.

ती पाटी बाईंनी पुसली नाही. भिंतीतल्या देवळीत उभी करून ठेवली. जाता-येता त्या तिच्याकडे बघत. कुणी आलं की विचारत, "यातला आठ कुठे गेला असेल?" लोकांना वाटे, बाईंचं काहीतरी हरवलं आहे.

आमच्या आळीची काशी सुके बोंबील घेऊन पालघरच्या बाजाराला जाई. ती एका दुपारी टोपली डोक्यावरून न उतरवताच बाईंच्या दारात आली.

"बाय, तुजा तो नकाशेवाला हाय ना, त्याला मी पालघरच्या ठेसनाव बगितला. बायको हाय त्याची. दोन पोरां पन हायत."

"बायको कशावरून?" बाईंनी विचारलं.

"धाकटा त्याच्या खांद्याव बसलेला. लोकाच्या पोराला कोन खांद्याव घेते गो?"

एरवी बाईंनी काशीला फिरवून फिरवून विचारलं असतं. बाई कशी होती, ऊन कुठे होतं, पोर किती मोठं. त्या दिवशी काही विचारलं नाही. मला वाटतं, ही बातमी त्यांना ओळखीची वाटली. वसंत कामावरून आला तेव्हा त्यांनी त्याला खोली रिकामी करायला सांगितली.

"काहून जी? काय चुकलं माझं?"

"खोली हवी आहे," एवढंच बाई म्हणाल्या.

त्याने कागदाची गुंडाळी आणि ट्रंक घेतली. कुसुम दारात येऊन उभी राहिली. तो तिच्याकडे बघून काही बोलेल असं मला वाटलं, पण तो बाईंना वाकून नमस्कार करून निघाला. बोईसरला स्टेशनजवळच्या एका चाळीत तो राहायला गेला, असं नंतर कळलं.

मग त्या घरात बोलणं बंद झालं. कुसुम शिवत होती, जेवत होती, विचारलं तर हो-नाही म्हणत होती. लोकांनी दोन स्थळं आणली. ती समोर येऊन बसली, चहा दिला आणि आत जाऊन पुन्हा मशीनवर बसली. मला एकदा म्हणाली, "वहिनी, आईने सगळ्या जगाला दोनदा विचारलं. त्याला एकदाही विचारलं नाही." मी हे बाईंना सांगायला हवं होतं का, ते मला कळेना. आणि बाई कुसुमबद्दल काही बोलत नसत. त्या त्या आकड्याबद्दल बोलत. तो त्यांनी उलटा लिहून पाहिला, अर्धा करून पाहिला, आठ दुसऱ्या जागी घालून पाहिला. "चोरी झाली आहे हे दिसतं," म्हणत, "वाट सापडत नाही."

थंडीत, काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले असताना, एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. "विमल, पाटी घेऊन ये. गुणून सगळं बघितलं. आता उलट्या बाजूने जाऊ. नऊ वेळा एक लिही आणि नवाने भाग. दोघींनी वेगवेगळं करायचं, तू तिकडे तोंड कर."

मी शेवग्याकडे तोंड करून बसले. भागाकार करून मला वर्षं झाली होती. पण हा सोपा निघाला. अकरात नऊ एकदा, उरले दोन. वरचा एक खाली घेतला, एकवीस. नऊ दोनदा, उरले तीन. एकतीस. तीनदा, उरले चार. असं एकेक पाऊल वाढत गेलं. चार, पाच, सहा, सात. भाग एकाने वाढे, बाकीही एकाने वाढे. मला गाण्यासारखं वाटायला लागलं. शेवटी खाली आले एक्याऐंशी. सातानंतर आठ, म्हणून मी आठ लिहिला. आठ नव्वे बहात्तर. बाकी नऊ.

बाईंनी माझी पाटी घेतली. "बाकी किती?"

"नऊ."

"भाजक किती?"

"नऊ."

"भाजकाएवढी बाकी राहते का कधी? काय शिकवलं होतं तुला चौथीत?"

मी घाईने ओलं फडकं घेतलं. आठ पुसून नऊ लिहायला हात पुढे केला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात थंड होता.

"थांब. पुसू नकोस."

त्या माझ्या चुकलेल्या आठाकडे बघत राहिल्या. मग हळूहळू, वर्गात सांगत तसं, बोलू लागल्या. आठ होताच. सातानंतर त्याची पाळी होती आणि तो आपल्या जागी आलाही होता. फक्त त्याच्या वेळी मागे पुरते नऊ उरले. नऊ उरले की आणखी एकदा भाग जातो. ते उरलेले नऊ त्याला घ्यावे लागले, म्हणून तो नऊ झाला आणि बाकी शून्य राहिली.

"कोणी नेला नव्हता," बाई म्हणाल्या. "वरचं ओझं घेतलं त्याने. म्हणून ओळखू आला नाही." आणि पाटी खाली ठेवत, "मी जन्मभर नऊ काढून टाकत आले, विमल. तिथे कधी बघितलंच नाही."

आत मशीन थांबलं होतं. बाईंनी त्या बाजूला मान वळवली. मग मला विचारलं, "बोईसरला जाणारी एसटी कधी आहे?"

बाई मला सोबत घेऊन गेल्या. कुसुमला सांगितलं नाही. चाळीत वसंतची खोली शेवटची. दार उघडंच होतं. आत स्टोव्हपाशी एक बाई बसली होती. कपाळ मोकळं, मनगटं मोकळी. दोन मुलं जमिनीवर खेळत होती. वसंत आम्हाला बघून इतका गडबडला की त्याने आधी सदरा घातला आणि मग "या" म्हणाला.

बाई बसल्या. त्या इकडचं तिकडचं काही बोलल्या नाहीत, पाठीमागून काही विचारलं नाही. सरळ म्हणाल्या, "ही कोण?"

"वहिनी हाय जी. माझा मोठा भाऊ वारला, मॅट्रिक झालो त्याच साली. मंग शेती पाहिली, पोरं पाहिली. शिकणं मागं पडलं. यांना आधी पालघरले ठेवलं होतं, आता इकडं घेऊन आलो."

"सांगितलं का नाहीस?"

तो खाली बघत म्हणाला, "सांगणार होतो जी. मंग कुसुमचं मनात आलं, तर भेव वाटलं. एवढं वझं घेऊन येणाऱ्याले कोण पोरगी देते?"

बाईंनी धाकट्या मुलाला जवळ बोलावलं आणि वसंतकडे बोट करून विचारलं, "हा कोण?"

"काका."

मग त्याला तो काय खेळतोय ते विचारलं, त्याचं नाव विचारलं, दोनचा पाढा येतो का विचारलं. तो विसरून खेळायला लागल्यावर सहज म्हणाल्या, "स्टेशनावर तू कुणाच्या खांद्यावर बसला होतास रे?"

"काकाच्या," मुलगा म्हणाला.

वसंतला हसू आलं. मीही पदर तोंडाला लावला. वहिनीला काहीच कळलं नाही, ती बिचारी चहाला दूध नाही म्हणून ओशाळली होती. बाई तिला म्हणाल्या, "चहा नको. पाणी द्या."

कोपऱ्यात माठ होता. त्यावर फडकंसुद्धा नव्हतं, नुसती थाळी ठेवलेली. तिने तांब्या भरून दिला आणि बाई तो सगळा प्यायल्या. मग खोलीभर नजर फिरवून वसंतला म्हणाल्या, "कुसुमला मशीन लागतं, खिडकीशी. इथे मावेल का?"

लग्न पालघरला झालं, साधंच. काशी सर्वांत पुढे बसली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती की स्थळ तिनेच बघितलं. पुढे वसंतला मोठी जागा मिळाली. दोन मुलांचा अभ्यास घ्यायला कोणी नव्हतं, म्हणून बाईंना तिकडेच राहायला बोलावलं. त्या फार दिवस नाही म्हणाल्या आणि मग एकदम हो म्हणाल्या.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्या निघाल्या त्या सकाळी. ट्रंकेला त्यांनी स्वतःच्या हाताने दोरी बांधली, गाठ उजवीकडे. घराला कुलूप लावलं आणि किल्ली मला दिली. इतकी वर्षं शेजारी राहून त्यांनी मला कधी किल्ली दिली नव्हती. मी ती पदराच्या टोकाला बांधली. एसटी आली, बाई चढल्या, खिडकीशी बसल्या. कंडक्टरने घंटी द्यायला हात वर केला, तोच त्या उठून खाली उतरल्या आणि झपाझप घराकडे चालत गेल्या. कुलूप दोनदा ओढून पाहिलं. गाडीतले लोक कुरकुरत होते.

परत येताना माझ्यापाशी थांबल्या. माझ्या पदराच्या गाठीवर त्यांनी हात ठेवला. ती सोडून बघतील असं मला वाटलं, पण त्यांनी ती नुसती थोपटली.

"तुझ्यावर संशय नाही," त्या म्हणाल्या. "कुलपावर होता."

गाडी वळली तेव्हा खिडकीत त्यांची मान खाली होती. तिकिटावरचे अंक मिळवत होत्या, ओठ हलताना दिसत होते.